सरकारी वकील रोल्लात जातात

अंबादासराव सरनोबत नांदूरशेतचे नगरसेवक होते तेव्हा गावात कुणी गेलं की घरच्यांच्या आधी ते तिरडीपाशी उभे असत, असं लोक म्हणत. लोक वाढवून सांगतात. त्यांच्या बायकोच्या, शालिनीताईंच्या हिशेबाप्रमाणे ते घरच्यांनंतर पाचेक मिनिटांनी पोहोचत. बारशाला मात्र नाव ठरायच्या आधी.

दोन वेळा निवडून आले, एकदा उपनगराध्यक्ष झाले, आणि तिसऱ्या वेळेला वॉर्ड महिलांसाठी राखीव पडला. सगळे म्हणाले, वहिनींना उभं करा. वहिनी म्हणाल्या, "राहते उभी. पण मग खुर्चीतही मीच बसणार. हे शेजारी स्टूल टाकून बसायचे नाहीत." तो विषय तिथेच मिटला. मग पक्षाला आठवलं की अंबादासरावांकडे वकिलीची सनद आहे आणि अधूनमधून ते कोर्टातही जातात. वर सरकार आपलं होतं. वर्षभरात ते जिल्हा सरकारी वकील झाले. ज्या माणसाने पोलीस ठाण्यात रदबदली करून अर्धा वॉर्ड सोडवून आणला, तोच आता लोकांना आत पाठवायला उभा राहिला. गावाला हे पचायला वेळ लागला, त्यांना स्वतःला नाही. माणूस हुशार होता. नगरसेवक म्हणून जेवढा बरा, त्याहून वकील म्हणून चांगला. सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्याला आता तेवीस वर्षं झाली. हल्ली थंडीचे चार महिने नवरा-बायको दुबईत असत, अल बर्शाला, मुलाकडे. प्रणव आणि शर्वाणी नोकरीवर, नात ईश्वरी शाळेत. म्हणजे सकाळी आठ ते चार त्या सहाव्या मजल्यावर माजी जिल्हा सरकारी वकील आणि त्यांची बायको एवढीच वस्ती. फोन वाजत नसे. गावाकडेही तो वाजायचा थांबलाच होता. नगरसेवकाकडे लोक कामं घेऊन येतात, सरकारी वकिलाला टाळतात आणि निवृत्त माणसाला विसरतात; अंबादासरावांनी या तिन्ही पायऱ्या उतरून पाहिल्या होत्या. म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं.

ईश्वरीने स्क्रीनवर त्याचं पहिलं पान पाहिलं. "आजोबा, नोबडी रीड्स दिस मच."

"कोर्टात जज वाचायचे माझं लिहिलेलं."

"बट दे वेअर पेड, ना?"

पुस्तकाचं नाव अजून ठरत नव्हतं, बाकी सगळं ठरलं होतं. फेब्रुवारीत दुबईतल्या करामा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये प्रकाशन, प्रणवच्या ऑफिसातले आणि ओळखीचे मिळून साठ मराठी माणसं, शेवटी पुरणपोळी. छपाई पुण्यात होती आणि शेवटची प्रुफं आठवड्याभरात परत जायची होती. प्रुफं शालिनीताई वाचत. पेन्सिलीने समासात त्या जे लिहीत ते अंबादासराव रबराने पुसून टाकत, असा दोघांचा कारभार छान चालला होता.

सगळं पुस्तक उभं होतं सातव्या प्रकरणावर. त्याचं शीर्षक 'आपला आणि परका'. जकात नाक्यावरच्या मारामारीत पालिकेच्या एका कारकुनाचा डोळा गेला, आणि विरोधी गटाने फिर्यादीत अंबादासरावांच्या कार्यकर्त्यांची नावं मतदारयादी वाचावी तशी एका दमात घातली. बाकीचे सुटले. यूनुस मुजावर, गावातला शिंपी, अंबादासरावांचे झेंडे, फलक आणि सदरे शिवणारा आणि विजयाच्या मिरवणुकीत त्यांना खांद्यावर घेणारा, त्याला मात्र दोन साक्षीदारांनी ओळखलं. पेपरात छापून आलं होतं की, नगरसेवक सरकारी वकील झाले, आता कार्यकर्त्यांना मोकळं रान. अंबादासरावांनी तो खटला स्वतः चालवला आणि यूनुसला पाच वर्षांची सजा झाली. 'माझा उजवा हात मी माझ्याच हाताने कापला,' असं एक वाक्य त्या प्रकरणात होतं. त्याच्यासमोर शालिनीताईंनी लिहिलं होतं, 'कुठल्या हाताने?' तेही पुसलं गेलं.

प्रकरणात एक गोष्ट नव्हती. मारामारीच्या संध्याकाळी साडेसहापासून नऊपर्यंत यूनुस सरनोबतांच्या ओट्यावर बसून काळ्या कोटाला हातशिलाई घालत होता. नेमणुकीचं पत्र नुकतंच आलं होतं आणि नव्या सरकारी वकिलांना नवा कोट हवा होता. शालिनीताईंनी त्याला दोनदा चहा दिला. अंबादासराव आठला आले, कोट अंगात घालून पाहिला, बाही अर्धा इंच लांब आहे म्हणाले. तोच कोट घालून त्यांनी तो खटला चालवला.

शालिनीताईंनी तेव्हा विचारलं होतं. अंबादासराव म्हणाले होते, "माझ्याच घराचा दाखला मीच कसा देऊ? खटला सोडला तर लोक म्हणतील, पळाला. केसमध्ये दम नाही, जज सोडतीलच." शालिनीताई गप्प बसल्या. त्या सहसा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यानंतर यूनुसची आणि त्यांची गाठ पडली ती यंदा जानेवारीत, शारजात, रोल्लाच्या बाजारात. ब्लाउज सैल करून हवे होते. शर्वाणीच्या मैत्रिणीने एक टेलर सांगितला होता, शर्वाणीने सासूला दारात सोडलं आणि ती पार्किंग शोधायला गेली. आत तीन मशिनं, भिंतीवर टांगलेले अबाया आणि लग्नाचे घागरे, काउंटरवर पंचविशीची एक मुलगी मोबाइलवर ऑर्डरी घेत होती. आतून गळ्यात टेप घातलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस आला. त्याने ब्लाउज उलटून शिवण पाहिली.

"ही शिवण आमच्या नांदूरशेतची आहे," तो म्हणाला आणि मग त्याने वर पाहिलं. "वहिनी?"

आता हा तोंड फिरवणार, असं शालिनीताईंना वाटलं. फिरवलं असतं तर बरं झालं असतं. वर्षानुवर्षं त्यांनी त्याचीच तयारी केली होती. यूनुसने टेप काढून ठेवला, स्टूल झटकलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. "जैनब, ऊठ. आपल्या वहिनी आहेत. साहेबांच्या घरच्या."

"ओ माय गॉड, साहेबांच्या?" मुलगी हसत पुढे आली. "आंटी, लहानपणापासून ऐकतेय मी. साहेबांनी नळ आणला, साहेबांनी रस्ता केला. मला वाटायचं, तुमच्या गावात सूर्य पण साहेबच उगवतात."

"रस्ता अर्धाच झाला होता," शालिनीताई म्हणाल्या.

"अब्बा सौदीला गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. पाच वर्षं तिकडेच. परत आले तर मी ओळखलंच नाही, अम्मीच्या मागे लपले, म्हटलं हे अंकल कोण. मग इकडे शारजाला आले आणि आम्हाला आणलं."

शालिनीताईंनी यूनुसकडे पाहिलं. तो खाली मान घालून ब्लाउजची शिवण उसवत होता.

"वहिनींना इकडचा करक चहा घेऊन ये, जा," तो मुलीला म्हणाला. दार लागल्यावर त्याने कात्री खाली ठेवली. "साहेबांची तब्येत?"

"शुगर आहे. गुडघे आहेत."

"गुडघे तेव्हाही होतेच. पदयात्रेला मागे राहायचे." तो थोडा हसला. "वहिनी, साहेब पुस्तक लिहितायत म्हणे. गावच्या ग्रुपवर आलंय."

"हो."

"त्यात माझं आहे का काही?"

"नाही," शालिनीताई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं.

"नसू दे. पोरीला आम्ही सौदीच सांगितलंय. तिच्या अम्मीने, बानूने मरेपर्यंत ते राखलं, तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता राखणारा मी एकटा. आणि आजपासून तुम्ही." त्याने उसवलेला दोरा झटकला. "साहेबांनाही बोलू नका. मन मोठं आहे त्यांचं, पण तोंड भाषणाचं."

"नाही बोलणार."

"शपथ नको, तुमचा शब्द पुरे."

शालिनीताईंना राहवलं नाही. "यूनुस, मला साक्षीला का नाही बोलावलंस? मी आले असते रे."

"वकील मागेच लागला होता, बोलवा म्हणून. मी म्हटलं, साहेबांच्या घरची बाई पिंजऱ्यात उभी करायची, आणि समोरून उलटतपासणी कोण घेणार? साहेब. शोभलं असतं का ते? आणि साहेबांना तर सगळं माहीतच होतं." त्याने कात्री पुन्हा उचलली. "वाटलं, साहेब बघतील."

अख्खा वॉर्ड दहा वर्षं याच दोन शब्दांवर जगला होता. गटार तुंबलं, साहेब बघतील. पोराला ॲडमिशन नाही, साहेब बघतील. कार्यकर्ता साहेबांना मागत नाही, फक्त समोर उभा राहतो. यूनुस आरोपीच्या पिंजऱ्यात सव्वा वर्ष तसा समोर उभा राहिला होता.

चहा आला. जैनबने दोन चमचे साखर घालून दिला आणि नको म्हणता म्हणता त्यांचा फोटोही काढला.

घरी अंबादासराव बाल्कनीत प्रुफं घेऊन बसले होते. शालिनीताईंनी पर्स न ठेवताच सांगितलं, "सातवं प्रकरण काढा."

"का?"

"यूनुस भेटला. रोल्लात दुकान आहे त्याचं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "काय म्हणाला?"

"तुमची तब्येत विचारली."

अंबादासरावांनी गठ्ठ्यातून सातव्या प्रकरणाची पानं काढली. मग म्हणाले, "नाव बदलतो त्याचं."

"डोळा गेलेला कारकून नांदूरशेतात एकच होता. नाव बदलून कुणाला फसवणार?"

"ते प्रकरण काढलं तर पुस्तकात राहतं काय, शालू? दोन मुताऱ्यांची उद्घाटनं आणि अर्धा रस्ता."

"तेवढं खरं तरी राहील."

"मला खरंच वाटलं होतं, जज सोडतील. केसमध्ये दम नव्हता."

"दम तुम्ही भरलात."

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, ईश्वरीशी पत्तेही खेळले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बावीस पानांवर पट्टी धरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकेक रेघ मारली आणि गठ्ठा प्रणवच्या हातात दिला.

"बाबा, आर यू शुअर? मागच्या कव्हरवर तेच आहे, 'आपल्या माणसालाही न सोडणारा सरकारी वकील'."

"इथे काय म्हणतात? खलास. तसं ते खलास."

शालिनीताईंना वाटलं, दिलेला शब्द पाळला गेला. पण अंबादासराव मूळचे नगरसेवक होते. नगरसेवक चूक कागदावरून पुसून थांबत नाही, तो भेटून मिटवतो. पेढ्यांचा बॉक्स, खांद्यावर हात आणि चार माणसांसमोर दोन चांगले शब्द. एवढ्यावर त्यांनी भावकीतले वीस-वीस वर्षांचे अबोले मोडले होते.

"मी त्याला भेटणार," ते म्हणाले.

"फोनवर बोला."

"फोनवर? शालू, मी कधी कुणाच्या मयताला फोन केलाय?"

खरं कारण सांगावं, असं शालिनीताईंच्या ओठांवर दोनदा आलं. सांगितलं असतं तर ते एक वाक्यही बोलले नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शब्द दिला होता, आणि यूनुसच्या बाबतीत एकदा तरी आपण त्याचं ऐकलं असं व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी यूनुसला फोन केला.

पलीकडचा आवाज एकदम तरुण झाला. "साहेब येणार? माझ्या दुकानात?"

"मुलगी नसेल तेव्हा, यूनुस."

"शनिवारी चारला या. ती मैत्रिणींकडे असते. इन्शाल्ला, काही काळजी नाही."

शनिवारी चारला प्रणवने गाडी दुकानापुढे उभी केली, तो आतच थांबला. शालिनीताईंनी काचेतूनच पाहिलं आणि त्यांचा पाय अडखळला. फरशी धुतलेली होती, मशिनं भिंतीला सरकवली होती, मधोमध एक खुर्ची आणि तिच्यावर चादर. तिन्ही कारागीर धुतलेल्या शर्टात ओळीने उभे होते. आणि ओळीच्या टोकाला, नवा ड्रेस घालून, हातात मोगऱ्याचा हार घेऊन, जैनब.

यूनुसने शालिनीताईंची नजर चुकवली. "राहवलं नाही, वहिनी," तो पुटपुटला. "साहेब येणार आणि स्वागताला घरचं माणूस नाही, हे कसं दिसतं?"

हार गळ्यात पडला तसा अंबादासरावांचा कणा सरळ झाला. शालिनीताईंनी मोजलं: पाच माणसं, एक हार, एक खुर्ची. याहून कमीवरही त्यांनी भाषणं केली होती.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. बोलायचंय कशाला, घरचीच माणसं."

"थांब ग. जैनब बेटा, इकडे ये." त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बापाएवढा मोठा माणूस मी पाहिला नाही."

जैनबने हसून अब्बांकडे पाहिलं. यूनुसचा चेहरा फुलला होता. शालिनीताईंनी अंबादासरावांची बाही धरली. अंबादासरावांना वाटलं, हिला गुडघ्याची काळजी असेल. त्यांनी तो हात हळूच थोपटला.

"मी आज भाषण करायला आलेलो नाही," ते म्हणाले. त्यांचं प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू होई, पण आज आवाज वेगळा होता. तो खाली गेला आणि फाटला. "त्या संध्याकाळी हा माझ्या ओट्यावर होता."

"अहो."

"बोलू दे, शालू. तेवीस वर्षं बोललो नाही. हा माझ्या ओट्यावर होता आणि मला ते माहीत होतं. माहीत असून मी कोर्टात उभा राहिलो आणि याच्यासाठी सजा मागितली. हा पाच वर्षं तुरुंगात बसला, बेटा, पण माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही याने. असा बाप आहे तुझा."

त्यांचे डोळे भरले होते. उभ्या आयुष्यात ते एवढं खरं कधी बोलले नव्हते. कारागिरांपैकी एक बिहारचा होता, त्याला मराठी कळत नव्हतं. साहेबांचं बोलणं संपलं असं समजून त्याने दोन टाळ्या वाजवल्या आणि कुणीच वाजवत नाही हे पाहून हात मागे घेतले.

"तुरुंगात?" जैनब म्हणाली. "कोण?"

"बेटा, साहेबांना चहा दे," यूनुस म्हणाला.

"अब्बा, व्हॉट इज ही सेइंग? तुम्ही तर सौदीला होतात."

यूनुसने खुर्चीवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"अम्मी मला पत्रं वाचून दाखवायची. दर महिन्याला. तिकडे किती गरम आहे, तुम्ही खजूर कुठून आणता, सगळं असायचं त्यात." तिचा आवाज अगदी लहान झाला. "ती कोणी लिहिली मग?"

अंबादासराव बायकोकडे वळले. ज्याने उत्तर ठाऊक असल्याशिवाय कोर्टात कधी प्रश्न विचारला नाही, त्या माणसाने कुजबुजत विचारलं, "तिला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नका म्हणाला होता तो."

जैनबने ते ऐकलं. ती शालिनीताईंसमोर येऊन उभी राहिली. "आंटी, त्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात?"

"होते."

"अब्बांना पाहिलं होतं तुम्ही?"

"चहा मीच दिला होता. दोनदा."

"मग?"

हा प्रश्न कोर्टात कुणीतरी विचारील म्हणून त्यांनी तेव्हा सव्वा वर्ष वाट पाहिली होती. तेव्हा उत्तर तयार होतं. साडी कुठली नेसायची तेही ठरलं होतं. आता मुलगी एवढ्या जवळ उभी होती की तिचा श्वास लागत होता. शालिनीताई तिच्या खांद्याकडे बघत राहिल्या. जैनब थोडा वेळ थांबली, मग आतल्या खोलीत गेली आणि तिने पडदा ओढून घेतला.

"येतो आम्ही," अंबादासराव म्हणाले. यूनुसने नेहमीच्या सवयीने पुढे होऊन दार धरलं. गाडीपर्यंत आला, गाडीचं दार उघडलं, साहेबांचं डोकं वर आपटू नये म्हणून हात आडवा धरला.

"शुगर सांभाळा, साहेब."

"यूनुस, मी..."

"बसा, साहेब. मागे गाड्या थांबल्यात."

प्रणवने विचारलं, "काय झालं, बाबा? झालं ना नीट?" सिग्नल लाल होता, गाडी दुकानापासून तीस पावलांवर थांबली. अंबादासरावांच्या गळ्यात हार तसाच होता. "पुस्तकातून काढलं होतं ना ग आपण?" ते म्हणाले, मग पुन्हा तेच म्हणाले.

शालिनीताईंनी मागे वळून पाहिलं. यूनुस आपल्या दुकानाच्या काचेच्या दाराशी उभा होता. त्याने दाराच्या मुठीला हात लावला, काढला, आणि तो बाजूला सरकून भिंतीला टेकला. कापडाची पिशवी घेऊन एक बाई आली, तिने त्याला काही विचारलं. त्याने मान हलवून आत बोट दाखवलं. बाई आत गेली, दार मिटलं, आणि तो बाहेरच राहिला.